बाबांच्या पायाचे बूट

बाबांनी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, पण पन्हाळेकाजीची लेणी त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर, २००३ च्या मे महिन्यात, आम्ही दोघांनी जायचं ठरवलं. उन्हात कातळ तापतो, चपलांनी भागणार नाही, म्हणून मी त्यांना रत्नागिरीच्या बाजारात बूट घ्यायला नेलं. त्यांनी चार जोड घालून पाहिले.

"कुठे आवळतंय का?" मी प्रत्येक वेळी विचारलं.

"नाही गं, सगळेच छान आहेत."

मग मला दिसायला बरा वाटला तो कापडी जोड आम्ही घेतला.

लेण्यांत ते दुपारभर हिंडले. मी दमले, ते नाही. घरी येऊन मोजा काढायला गेले, तर तो करंगळीपाशी रक्ताने चिकटलेला.

"एवढं झालं तरी बोलला नाहीत?"

"मला कळलंच नाही," ते म्हणाले. स्वतःच्या पायाकडे ते परक्यासारखे बघत होते.

डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. मधुमेहाने दोन्ही पावलं केव्हाच बधिर झाली होती आणि घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. जखम भरली नाही. श्रावणात करंगळी काढली, दिवाळीच्या आधी पाऊल. कुबड्या आणल्या, त्यांना त्यांनी हात लावला नाही. खिडकीजवळच्या कॉटवर ते पडून राहिले.

दर रविवारी मी त्यांच्या उरलेल्या पायाची नखं कापायची. कापताना तळव्याला हळूच चिमटा काढायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते खिडकीबाहेर बघत असायचे.