डिम लाईटवर शिजलेल्या बरगड्या

संध्याकाळी घरातला बल्ब पिवळा पडू लागला, की काका हातातलं काम थांबवून मान वर करत आणि बल्बकडे बघत. ओळखीचं माणूस दारात आलं की आपण बघतो ना, तसं. मग म्हणत, “राहू द्या बापा. शेतात पानी चालू असन.”

हे ते कोणाला म्हणत, ते सांगता येणार नाही. घरात कोणी नसलं तरी म्हणत.

काकांची सगळी नोकरी वायरमन म्हणून झाली. केनवडच्या अलीकडे, मी शिकवायचो त्या शाळेचं गाव लागतं. तिथेच ते निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. गावाची आणि शेतांची लाईन एकाच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून. हिवाळ्यात गव्हाला पाणी द्यायचे दिवस आले आणि शेतातल्या मोटरी एकदम सुरू झाल्या, की गावातले बल्ब निखाऱ्यासारखे लाल व्हायचे, मिक्सर कण्हायचा, टीव्ही आपोआप बंद पडायचा. मग लोक काकांच्या दारात. काका, लाईट काहून डिम? जसा काही काकांनी करंट कोठीत भरून ठेवला होता. निवृत्तीनंतरही हे थांबलं नाही. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या हातात आता काही नाही, पण जाब मात्र त्यालाच विचारला जातो. काका जाब द्यायचे. तोच एक, ठरलेला.

मी त्यांच्या घरची पुढची खोली भाड्याने घेतली होती. मी मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला आणि नोकरीचं हे गाव माझ्यासाठी अगदी परकं. एके दिवशी शाळेतून आलो तर काका माझ्या टेबलावर उभे. छताला होल्डर ठोकून त्यांनी बल्ब लावला, खाली उतरले आणि टेबल स्वतःच्या पंच्याने पुसलं. “मास्तर, वह्या तपासताना तुमची सावली वहीवर पडे. आता नाई पडनार,” एवढंच म्हणाले. ते गाव मला आपलं वाटू लागलं ते त्या दिवसापासून.

आता त्यांच्या मनातल्या काट्याबद्दल सांगतो. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, ताईचं, लग्न झालं तेव्हा मी गावात नव्हतो. पण तो प्रसंग मला इतक्या जणांनी सांगितला आहे, की मी मांडवातच होतो असं वाटतं. वऱ्हाडी मंडळींची पंगत बसली, वाढणं सुरू झालं, आणि डीपीचा फ्यूज उडाला. सगळीकडे अंधार. नवरीचा बाप कोऱ्या कपड्यांत, फेट्यासकट खांबावर चढला. वर काका तार बांधत होते आणि खाली, अंधारात, त्यांचे इवाई, म्हणजे ताईचे सासरे, मोठ्याने म्हणाले, “वायरमनच्या घरी जेवलो, पन ताटात काय होतं ते काही दिसलं नाई.”

मांडव हसला. काकांनी ते खांबावरून ऐकलं.

इवाई वाईट माणूस नव्हे. चांगला कसणारा शेतकरी, बोलायला मोकळा. पण हे एक वाक्य त्यांना फार आवडलं. पुढे जिथे म्हणून सोयऱ्यांची बैठक बसे, तिथे ते हे वाक्य सांगत. काका शेजारी बसलेले असले तरी सांगत. काका हसण्यात भाग घेत आणि घरी येऊन एक-दोन दिवस कमी जेवत. त्यानंतर इवाई या घरी चहापुरते आले, जेवायला कधी बसले नाहीत. काकू म्हणायच्या, त्यांना वेळ नसतो.

पुढे ताई बाळंतपणाला माहेरी आली. नवऱ्यासोबत ती वाशिमला राहायची आणि घरी केक करून विकायची. हात रिकामे राहायला नको म्हणून तिने सोबत आपला ओव्हनही आणला. बाळ दोन महिन्यांचं झालं, हिवाळा लागला, आणि ताईने काकूंच्या हौसेखातर केक करायला घेतला. ती वेळ नेमकी मोटरींची. केक वर आला, थांबला आणि मधोमध खचला. दुसराही खचला. काकूंनी तो चमच्याने खाल्ला आणि शिरा चांगला झाला म्हणाल्या. ताईने ओव्हन पुसून कोपऱ्यात ठेवला. या गावात हा चालणारच नाही, असं तिचं म्हणणं. काकांना ते लागलं. ती तसं म्हणाली नव्हती, पण गावातल्या लाईनीचा दोष त्यांना स्वतःचा वाटायचा.

त्याच आठवड्यात निरोप आला. ताईला आणि नातवाला न्यायला इवाई स्वतः येणार, आणि या वेळी जेवून जाणार.

काकूंनी मटणाच्या रश्श्याची तयारी मनात सुरू केली. काका मात्र माझ्या खोलीत आले. इवायांच्या घरचा रस्सा पंचक्रोशीत नावाजलेला, त्यापुढे आपला रस्सा म्हणजे त्यांना रोजचंच जेवण, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. इवायांना हाडाचा तुकडा प्यारा. तेव्हा हाडाचंच असं काही हवं, जे त्यांनी कधी खाल्लेलं नाही. तुमच्या मोबाईलात पाहा, म्हणाले.

आम्ही पाहिलं. परदेशातला एक माणूस ओव्हनमध्ये बरगड्या भाजत होता. शेवटी त्याने एक हाड दोन बोटांत धरून फिरवलं, आणि हाड मांसातून अलगद निघून हातात आलं. काकांनी मला तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. आमच्या तांड्यात बरगड्या निखाऱ्यावर भाजत. त्या दातांनी ओढून खायच्या, मजाच ती. इतकं मऊ मांस मीही पाहिलं नव्हतं. “त्याचं काही का असेना, आपन बोकडाच्या करू,” काका म्हणाले. “पन हाड असंच हातात आलं पाह्यजे, मास्तर.”

केनवडच्या बाजारातल्या मटणवाल्याला बरगड्यांचा सलग पट्टा मागितला, तेव्हा त्याने सुरा खाली ठेवला. सगळे तुकडे करून नेतात, अख्खा कोणी नेत नाही. देवाला दाखवायचा आहे का, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, इवायाला.

पट्ट्याच्या मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, तो काढला नाही तर मसाला आत जात नाही. तो बोटांतून निसटायचा. काकांनी ठेवणीतली कोरी पक्कड काढली, उकळत्या पाण्यातून काढून घेतली, पडद्याचं टोक धरलं आणि जुन्या वायरचं वेष्टण सोलावं तसा एका ओढीत सोलून काढला. काकूंनी हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

पहिला प्रयोग दुपारी झाला. मोटरी बंद, लाईन फुल, काका खूश. एवढ्या फुल लाईनीवर काय नाही शिजणार. तिखट, मीठ, लसूण आणि वरून चिंच-गुळाचं पाणी लावून पट्टा आत ठेवला. गूळ जळून काळा झाला, मांस हाडाला आवळून बसलं. मी शिक्षक आहे, मुलांच्या उत्तरपत्रिकेतही काही चांगलं शोधतो, पण त्या घासात मला काही सापडलं नाही. काकांनी बराच वेळ चावून पाहिलं आणि म्हणाले, “खांबावर चढाच्या बुटाचा पट्टा असाच लागत असन.”

दुसरा पट्टा काकूंनी, काकांना न विचारता, संध्याकाळी लावला. या वेळी गुळाचं पाणी न लावता, फॉइलच्या चंदेरी कागदात घट्ट गुंडाळून. थोड्या वेळाने मोटरी सुरू झाल्या. बल्ब लाल झाला, ओव्हनचा दिवा मिणमिणला. गेला हाही, असं म्हणून सगळे बाळाच्या भोवती जाऊन बसले आणि ओव्हन विसरले. फार उशिरा वास आला. काकांनी कागद उघडला, एक हाड दोन बोटांत धरलं आणि फिरवलं.

हाड हातात आलं.

ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि लाल पडलेल्या बल्बकडे बघितलं. ताईच्या आधी माझ्या लक्षात आलं आणि माझ्याही आधी त्यांच्या. बरगड्यांना बारीक आच लागते, तीही लांबलचक. आणि बारीक आच तर या गावात रोज संध्याकाळी फुकट येत होती. जन्मभर ज्या डिम लाईटसाठी त्यांनी बोलणी खाल्ली, ती त्या ओव्हनमध्ये बसून गुपचूप काम करत होती.

फक्त एक गोष्ट राहिली. वरून गुळाचं पाणी लावल्यावर ते चकाकून कडक व्हायला भरपूर आच हवी, म्हणजे फुल लाईन. काकांना ते सोपं वाटलं. शेताच्या विजेची पाळी संपली की मोटरी थांबतात आणि लाईन आपोआप फुल येते. नेमकं तेव्हाच जेवण ठेवायचं.

इवाई आले त्या दिवशी सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. नातवाला मांडीवर घेऊन ते अंगणात बसले. पट्टे आत डिम लाईटवर शिजत होते. पण त्याआधी, पाळी सुरू होताच, शेताची लाईन तासभर बंद पडली होती आणि तेवढा वेळ भरून काढायला मोटरी पाळी संपल्यावरही चालूच राहिल्या. बल्ब लालच. बरगड्या शिजून तयार, गुळाचं पाणी लावलेलं, आणि वर आच नाही. पानं मांडली. इवायांनी ताटाकडे बघितलं, बल्बकडे बघितलं आणि मिशीत हसले. ते वाक्य आता येणार हे मला दिसत होतं. काकांनाही दिसत होतं.

काकू दाराआड येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, आताचा वायरमन तुमच्याच हाताखाली शिकलेला. एक फोन करा, घडीभर मोटरी बंद करील.

काकांचा मोबाईल त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो खिशात ठेवला.

“कोनाच्या तरी गव्हाले पानी चालू हाये,” ते म्हणाले. “माह्या ताटासाठी ते तोडू का मी?”

ते हळू बोलले होते, पण अंगण लहान होतं. इवायांचं हसू मिशीतच राहिलं. त्यांचाही गहू उभा होता. त्यांनी ताट जरा बाजूला सारलं, नातवाला पुन्हा जवळ घेतलं आणि म्हणाले, “बसतो ना इवाई. घाई कोनाले हाये?”

आम्ही बसलो. काकूंनी चुलीवर झाकून ठेवलेला रस्सा, जो त्यांनी कोणाला न सांगता केला होता, निवत चालला. बाळ झोपलं. आणि मग बल्ब थरथरला, पिवळा झाला आणि एकदम पांढरा लख्ख पेटला. गल्लीत पोरांनी आरोळी दिली. आत ओव्हनमध्ये गूळ चरचरायला लागला, आणि तो वास अंगणभर पसरला तेव्हा इवाई मांडी सावरून बसले.

काकांनी स्वतः वाढलं. काळपट लाल, आरशासारखी चकाकणारी बरगडी. इवायांनी सवयीप्रमाणे ती दोन्ही हातांनी धरली, दातांनी ओढायला मान वाकडी केली, आणि ओढण्याआधीच मांस सुटून ताटात पडलं. कोरं हाड त्यांच्या हातात. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग खाल्लं. दुसरी खाल्ली. तिसरीला ते थांबले, बल्बकडे बघितलं आणि मग काकांकडे.

“इवाई,” ते म्हणाले, “आज ताटात काय हाये ते दिसलं.”

मी काकांना खांबावर चढलेलं कधी पाहिलं नाही. पण त्या क्षणी ते तिथून खाली उतरले असं मला वाटलं. त्यांनी परात पुढे केली. “अजून वाढू?” म्हणाले. रश्श्याला त्या रात्री कोणी हात लावला नाही. काकूंना याचा राग येण्याऐवजी अभिमानच वाटला.

पुढे ते वाक्य बदललं. इवाई सोयऱ्यांच्या बैठकीत आता बरगड्यांची गोष्ट सांगू लागले, दरवेळी थोडी वाढवून. ताईने जाताना ओव्हन काकांकडेच ठेवला, आणि गावात कोणाकडे पाहुणे आले की डिम लाईट लागायच्या आधी काकांच्या दारात गुंडाळलेले पट्टे येऊ लागले. लाईट काहून डिम, असं विचारणारेच आता विचारायचे, “काका, आज डिम होईन ना?”

माझी बदली झाली. गेल्या पावसाळ्यात काका गेले, झोपेतच. माझ्या टेबलावरचा तो होल्डर मी खोली सोडताना काढला नाही. पुढच्या माणसाचीही सावली वहीवर पडू नये.

या हिवाळ्यात नातवाच्या वाढदिवसाला ताईने मला तिच्या सासरी, इवायांच्या गावी बोलावलं. केक ती वाशिमहून करूनच घेऊन आली होती, सोबत ओव्हनही. बैठकीत पाहुणे भरलेले. दिवेलागण झाली आणि बल्ब पिवळा पडू लागला. कोणीतरी कुरकुर केली. कोपऱ्यात बसलेल्या इवायांनी बोलणं थांबवलं, मान वर केली आणि ओळखीचं माणूस दारात आल्यासारखं बल्बकडे बघितलं.

“राहू द्या बापा,” ते म्हणाले. “शेतात पानी चालू असन.”

आणि आत स्वयंपाकघरात ताईने ओव्हनचं दार लावल्याचा आवाज आला.