चपलेत वाढलेले पाय

१९९६ साली आमची ईशानी आठ वर्षांची होती. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली बर्फावरचं स्केटिंग शिकत होत्या, म्हणून तिलाही शिकायचं होतं. दुबईत देरा भागातल्या एका हॉटेलच्या तळमजल्यावर तेव्हा आइस रिंक होता. बाहेर बेचाळीस डिग्री, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देणारं. आणि आत शिरलं की नाकाचा शेंडा गार. दर शुक्रवारी सकाळी मी तिला तिथं घेऊन जायची आणि दोन तास शाल पांघरून बाकावर बसायची. माझा नवरा चारुदत्त आठवड्याची एकुलती एक सुट्टी झोपून काढायचा.

एकदा ईशानी हातमोजे घरी विसरली म्हणून मी तिला रागावत होते. ‘मम्मी, इट्स नॉट अ बिग डील,’ असं म्हणून ती पळाली. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘वहिनी, रागावू नका. माझ्याकडं जादाचे आहेत.’

मी वळून पाहिलं. स्केट्स भाड्यानं द्यायच्या काउंटरमागं एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. पांढरी होत चाललेली दाढी, अंगात स्वेटर, त्यावर हॉटेलचा बिल्ला. मुश्ताक नाखवा. मूळचे रायगडातल्या म्हसळ्याचे. एकोणिसाव्या वर्षी बुरदुबईतल्या एका बुटांच्या दुकानात लागले, तिथं नऊ वर्षं काढली आणि मग या काउंटरवर आले. बायको मरियमबी आणि मुलगी यम्ना शारजात अल मजाज भागात राहायच्या. एवढं सगळं त्यांनी मला हातमोजे शोधता शोधता सांगितलं. जाताना म्हणाले, ‘दोन तास बसून थंडी खाण्यापेक्षा बर्फावर उतरा की. तुमचा नंबर सदतीस. बरोबर?’

बरोबर होता. त्यांनी माझ्या चपलेकडं नुसतं पाहिलं होतं.

अशी मी अडतिसाव्या वर्षी बर्फावर उतरले. महिनाभर कठड्याला धरून चालले, मग कठडा सुटला. वर्षभरानं रिंकच्या नोटीस बोर्डावर कागद लागला: बायकांची हॉकी, हौशी, पूर्वीचा अनुभव नको. शुक्रवारी सकाळी सात ते साडेआठ. मला शाळेत खो-खोच्या टीममध्येसुद्धा कुणी घेतलं नव्हतं. मी नाव घातलं. चारुदत्त म्हणाला, ‘पडलीस तर विम्यात बसतं का ते आधी बघ.’

टीममध्ये चार-पाच कॅनडाच्या, दोन लेबनानी, एक कराचीची दंतवैद्य अजरा, आणि मी. अजरा आणि मी सगळ्यात कच्च्या, म्हणून आमची लगेच गट्टी जमली. भाड्याचे निळे प्लास्टिकचे स्केट्स पायात घालून पळायचं म्हणजे शिक्षाच. चवथ्या शुक्रवारी माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. मी मुश्ताकभाईंना म्हटलं, ‘मला स्वतःचे घ्यायचेत. कुठले घेऊ?’

ते काउंटरच्या बाहेर आले. जमिनीवर ब्राऊन पेपर पसरला आणि म्हणाले, ‘मोजे काढा. उभ्या राहा. वजन दोन्ही पायांवर टाका.’ मग गुडघ्यावर बसून त्यांनी पेन्सिलीनं माझ्या पावलांभोवती रेघ ओढली. किती वेळ ते त्या रेघांकडं बघत होते.

‘डावा पाय मोठा आहे तुमचा. आणि हे बघा, पुढून पंजा पसरलेला, टाच मात्र बारीक. चपलेत वाढलेले पाय आहेत आपले. माझेपण असेच. हे बूट बनवतात त्या देशांत लोक जन्मल्यापासून बंद बुटात. त्यांचा पंजा अरुंद राहतो. तुम्हांला त्यांच्या मापाचा बूट पुढं चावणार. मोठा नंबर घ्याल तर पुढं बरं वाटेल, पण टाच आत नाचेल. टाच नाचली की घोटा गेला.’

‘मग करायचं काय?’

‘थांबायचं. तुमच्या पायाचा बूट माझ्याकडं आला की मी सांगेन.’

आता हे ‘माझ्याकडं आला की’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्यांच्या काउंटरमागं एक लाकडी कपाट होतं. दुबईत कुणीच कायमचं राहायला येत नाही. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपायचं, कुणाची बदली व्हायची, कुणी दोन बॅगा भरून परत जायचं. जाताना अवजड स्केट्स कोण नेणार? खेळणारे लोक ते मुश्ताकभाईंकडं ठेवून जायचे. भाई ते पुसायचे, पात्यांना तेल लावायचे आणि प्रत्येकाच्या आत एक चिठ्ठी टाकायचे: कुणाचे, पाय कसा होता, किती वर्षं वापरले. एकदा एक इंग्रज गृहस्थ त्यातल्या एका जोडीला हवी ती किंमत द्यायला तयार होता. भाईंनी दिली नाही. ‘वापरलेला बूट जुन्या मालकाच्या पायाचा झालेला असतो,’ ते म्हणायचे. ‘दुसऱ्याचा पाय तसाच असेल तरच द्यावा. नाहीतर त्याला शिक्षा.’

मला धीर धरवला नाही. दोन महिने वाट पाहिली आणि एका मॉलमधल्या खेळाच्या दुकानात गेले. विक्रेत्या पोरानं सदतीस नंबर काढून दिला, मी जाड लोकरी मोजे घालून चार पावलं टाकली, मऊ मऊ वाटलं. साडेसहाशे दिरहाम. म्हणजे सात हजार रुपये, मी मनात म्हटलं, आणि तरीही घेतले.

शुक्रवारी काउंटरवर नेऊन दाखवले. मुश्ताकभाईंनी मला ते घालून उभं केलं, टाचेमागं बोट घातलं. बोट सहज आत गेलं.

‘परत करा.’

‘अहो, नवीन आहेत!’

‘म्हणूनच म्हणतो, परत करा. हे पायात घालून बर्फावर जाऊ नका, वहिनी. तुम्हांला कळत नाही.’

अजराच्या, कॅनडाच्या बायकांच्या समोर ‘तुम्हांला कळत नाही’ म्हणाले ते मला फार लागलं. मी ऑफिसात नकाशे काढणाऱ्या दहा ड्राफ्ट्समनना कामं वाटून देणारी बाई. मी तशीच बर्फावर गेले, आणि पुढचे पाच आठवडे त्याच स्केट्सनी खेळले. मुश्ताकभाईंकडं बघायचंसुद्धा नाही असं ठरवलं होतं. ते मात्र दर वेळी मान हलवून सलाम करायचे.

मार्च ९८ मध्ये आमची पहिली मॅच होती, अबुधाबीच्या बायकांशी. दुसऱ्या डावात मी वळायला गेले. पाय वळला, बूट वळला नाही. घोटा मोडला नव्हता, पण असा सुजला की अजरानं कात्रीनं नाड्या कापून बूट काढला.

तिसऱ्या दिवशी घरी फोन आला. ‘वहिनी, मी मुश्ताक. कसा आहे पाय?’

मी म्हटलं, ‘बरा आहे. तुमचंच खरं ठरलं. बोला आता काय बोलायचं ते.’

ते म्हणाले, ‘चूक माझी आहे. नीट समजावून सांगायचं सोडून मी चार लोकांत दटावलं. म्हणून तुम्ही ऐकलं नाही. गेले पाच हप्ते रोज मनात हेच. पाय बरा झाला की या. एक जोडी आहे.’

जूनमध्ये गेले. कपाटातून त्यांनी काळे, घोट्याजवळ थोडा रंग उडालेले स्केट्स काढले. तीन महिन्यांपूर्वी फिनलंडला परत गेलेल्या एका नर्सचे होते. ‘गोरी बाई, पण पाय तुमच्यासारखा,’ भाई म्हणाले. ‘शेतावर अनवाणी वाढली होती. तिनंच सांगितलं.’

‘पण हे पस्तीस-छत्तीसच्या मधले आहेत!’

‘स्केट्स बुटाच्या नंबराचे घेतच नाहीत. एक-दीड नंबर लहान. जाड मोजे काढा. हे पातळ घाला.’

पाय आत सरकवल्यावर त्यांनी मला टाच जमिनीवर दोनदा आपटायला लावली, म्हणजे ती मागं नीट बसते. मग नाड्या आवळल्या: पंजाकडं सैल, घोट्याला घट्ट. ‘सरळ उभ्या राहा. बोटं पुढं टेकतात?’

‘हलकी टेकतात.’

‘आता गुडघे वाकवा, खेळताना वाकता तेवढे.’

बोटं आपोआप मागं आली. टाच जागची हलली नाही. भाईंनी नाडीच्या भोकांवर आडवी पेन्सिल ठेवून पायाच्या वरच्या भागाला ती टेकत नाही ना, म्हणजे बूट उथळ तर नाही ना, ते पाहिलं. मग म्हणाले, ‘वीस मिनिटं इथंच बसा. मी चहा सांगतो.’

दहा मिनिटांनी मी म्हटलं, ‘करंगळीपाशी काहीतरी होतंय.’

‘दुखतंय की दाबतंय?’

मला सांगता येईना.

‘नीट बघा. दाबणं वेगळं, दुखणं वेगळं. दाबत असेल तर चामडं ऐकतं. दुखत असेल तर बूट तुमचा नाही, खलास. मग मी देणार नाही.’

दाबत होतं. त्यांनी हेअर ड्रायर आणला, करंगळीजवळचं चामडं गरम केलं आणि आतून लाकडी ठोकळ्यानं हळूहळू रेटलं. तीनदा घालायला लावलं, तीनदा काढायला. त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष माझ्या डाव्या करंगळीवर होतं. रिंकवर आलेली शाळेची सहल रांग लावून उभी राहिली तरी ते उठले नाहीत. आयुष्यात माझ्या पायांकडं इतक्या काळजीनं कुणी पाहिलं नव्हतं, माझ्या आईनंसुद्धा नाही.

त्या स्केट्सवर मी पाच वर्षं खेळले. पहिल्या शुक्रवारीच फरक कळला. पूर्वी मी पाय उचलायची आणि बूट मागून यायचा. आता मनात वळायचं आलं की वळलेली असायची. पाच वर्षांत मी एकच गोल केला, तोही अजरानं मारलेला पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, माझ्या नडगीला लागून गेला म्हणून. ईशानी काचेवर मुठी आपटून ओरडली, ‘दॅट्स माय मॉम!’ दोन महिने ती शाळेत सांगत होती. मग ती मोठी झाली, तिनं स्केटिंग सोडलं, आणि शुक्रवारी झोपायची पाळी तिची आली. मी एकटीच गाडी काढून जायची. गेल्यावर आधी काउंटरवर पाच मिनिटं थांबायचं, म्हसळ्यात काय चाललंय, यम्नाची परीक्षा कशी गेली ते ऐकायचं. त्या थंड हॉलला ओल्या रबराचा आणि गरम चॉकलेटचा वास होता. अजूनही कधी कुठल्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेले की मी क्षणभर सात वाजताच्या त्या शुक्रवारात असते.

२००३ साली हॉटेलची डागडुजी निघाली आणि रिंक बंद झाला. शेवटच्या दोन आठवड्यांत मुश्ताकभाईंनी कपाटातल्या बावीस जोड्यांना पाय शोधले. तीन उरल्या, त्या घरी नेल्या. एका खेळाच्या दुकानानं त्यांना नोकरी दिली. चार महिन्यांत काढूनही टाकलं, कारण माप बसत नसेल तर ते गिऱ्हाइकाला रिकामं परत पाठवायचे. हे मला अजराकडून कळलं. मी फोन केला, नंबर बदललेला होता.

त्यानंतर वर्षभरानं, २००४ च्या हिवाळ्यात, आमच्या ऑफिसकडं एका कारखान्याच्या गोदामाचं काम होतं, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये. मी जागा बघायला गेले. स्टोअरच्या दारात तीसेक कामगार अनवाणी रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात जुने बूट. आत एक उंच माणूस जमिनीवर बसून एका पोरगेल्या कामगाराचं पाऊल लाकडी फळीवर ठेवून मोजत होता.

‘मुश्ताकभाई!’

ते उठले, हात स्वेटरला पुसले. ‘वहिनी! पाय कसा आहे?’

ते तिथं स्टोअरकीपर झाले होते. आल्या आल्या त्यांनी पाहिलं की सेफ्टी बूट खोक्यातून हाताला येतील ते वाटले जातात. मोठे आले तर आत फडकी कोंबायची, लहान आले तर मागून चिरायचे. पायांना जखमा, आठवड्याला पाच-सहा जणांचे खाडे. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, मी माप घेऊन देणार. सुपरवायझर म्हणाला, बूट आहेत, शादी के जूते नहीं. आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात तोही आला. ‘यल्ला मुश्ताक, जल्दी करो, लाईन लगी है.’

‘होगा, होगा,’ मुश्ताकभाई म्हणाले आणि परत खाली बसले. समोरच्या पोराला त्यांनी उभं केलं. ‘टाच आपट. घुटना मोड. अब बोल, दुखता है या दबता है?’

पोरगं गोंधळलं. त्याला असं कुणी विचारलं नसावं. ‘साब, चलेगा,’ तो म्हणाला.

‘चलेगा नहीं पूछा मैंने.’

पोरानं गुडघे वाकवले, खाली बघितलं, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, ‘इधर दुखता है.’ भाईंनी तो बूट काढून बाजूला ठेवला आणि दुसरं खोकं उघडलं. मी नकाशे काखेत धरून अर्धा तास तिथंच उभी राहिले. मला कामाला बोलवायला दोनदा माणूस आला.

सहा महिन्यांत खाडे जवळजवळ थांबले, असं त्यांनी नंतर सांगितलं. सुपरवायझरनं पुढं स्वतःचे बूटही त्यांच्याकडूनच मोजून घेतले.

२००५ मध्ये आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं. निघायच्या आधीच्या शुक्रवारी मुश्ताकभाईंनी आम्हां तिघांना अल मजाजला जेवायला बोलावलं. नवव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडकीतून खाडीचं पाणी. मरियमबींनी तांदळाच्या भाकरी आणि कोलंबी केली होती, वर सांदणं. जेवता जेवता चारुदत्तनं विचारलं, ‘भाई, एवढी वर्षं स्केट्स घातलेत लोकांना. तुम्ही कधी बर्फावर गेलात का?’

‘एकदा,’ ते म्हणाले. ‘पहिल्याच वर्षी. रिंक रिकामा होता. दोन मिनिटं उभा राहिलो आणि पडलो.’

‘मग पुन्हा नाही?’

‘भाड्याचे होते ते. माझ्या पायाचे नव्हते.’

मरियमबी स्वयंपाकघरातून सांदणांची दुसरी थाळी घेऊन येत होत्या. त्या हसत म्हणाल्या, ‘अल्ला, मला कधी सांगितलं नाही हे! कुठं लागलं होतं?’ आणि मुश्ताकभाई, पंधरा वर्षांपूर्वीचं ते पडणं, कोपर वर करून, अगदी तपशिलात, बायकोला दाखवायला लागले.