नकाराचं बटण

गाडीची काच माणसाचा हात मोडू शकते, हे मी शहाडला भर दुपारी डोळ्यांनी पाहिलं. हात माझ्या आत्याचा होता.

आई-बाबांच्या मागे मला वाढवलं ते आत्याने, आणि आम्हा दोघींना जगवलं तिच्या वड्याच्या टपरीने. शहाडहून मोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ती टपरी. आमच्याकडे नवी गाडी घेतली की माणसं ती आधी टिटवाळ्याच्या गणपतीला दाखवून आणतात. पुढे झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सीटवरचं प्लास्टिक महिनोन्महिने तसंच. परत येताना आत्याच्या टपरीसमोर गाडी थांबते, पण उतरत कोणीच नाही. नव्या गाडीत बसून खायचं, हाच तर त्या दिवसाचा थाट. मग हॉर्न वाजवायचा, काचेतून दोन बोटं दाखवायची की दोन प्लेट, आणि पलीकडून आत्याने धावत जायचं. कोणी तिला मावशी म्हणायचं, कोणी नुसतंच ‘ए’. त्या ‘ए’ने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती मात्र म्हणायची, ‘बोलवतायत ना, बस झालं.’

त्या दिवशी पांढरी, कोरी गाडी होती. आत्याने काचेतून ताटली आत दिली आणि चटणीचा ओघळ सीटवर पडला. सीटवर म्हणजे प्लास्टिकवर. एका फडक्याचं काम होतं. स्टिअरिंगवरच्या माणसाने तिला आईवरून शिवी दिली आणि बटण दाबून काच वर केली. तिचा हात आत होता. ती ओरडली तेव्हा त्याने गाडी पुढे काढली. आत्या गाडीबरोबर फरफटत गेली, एक चप्पल मागे राहिली. मागच्या सीटवरची बाई ‘अहो, सोडा’ म्हणत होती, तेही हळू आवाजात. मग काच खाली आली, आत्या डांबरावर पडली आणि गाडी निघून गेली. मी दगड घेऊन मागे पळाले. दगड लागला नाही, पण नंबर पाठ झाला तो कायमचा.

आत्याचं उजवं मनगट पिरगळलेल्या फडक्यासारखं दिसत होतं. ती धुळीतून उठली आणि पहिलं वाक्य बोलली, ‘ताटली माझी गाडीतच राहिली गं.’

मला पोलिसांत जायचं होतं. ती नको म्हणाली. टपरी रस्त्यावरची, परवान्याशिवायची. तक्रार केली की आधी उचलली जाणार ती टपरीच. प्लास्टर निघालं तरी मनगट सरळ झालं नाही. उजव्या हाताने ती आता वडा सोडू शकते, पण हात उताणा करू शकत नाही. त्या दिवसापासून रस्त्यात कुठेही काच वर जाताना दिसली की माझे हात शिवशिवायचे.

मी धंद्याने ॲप डिझाइन करते. म्हणजे माणसाचा अंगठा कुठे पडेल, हे ठरवण्याचे पैसे मिळतात. कॉलेजपासूनचा एक मित्र ठाण्यात नवं ॲप काढत होता. गाडीतून जाता जाता पुढच्या टपरीवर ऑर्डर टाकायची, पैसे आधीच भरायचे, गाडी पोहोचली की खाणं काचेशी हजर. टपरीवाल्याच्या फोनवर गाडीचा नंबर आणि रंग दिसायचा. मी लगेच हो म्हटलं. हॉर्न बंद होईल, बोटं बंद होतील, ‘ए’ बंद होईल, एवढंच डोक्यात होतं.

भांडण झालं ते एका बटणावरून. टेंभी नाक्याजवळच्या त्याच्या ऑफिसात मी टपरीवाल्याचा स्क्रीन दाखवला. त्यावर ‘स्वीकार’ होतं आणि ‘नकार’ होतं.

‘नकार कशाला?’ तो म्हणाला. ‘माल संपला तर ते आपण वेगळं दाखवतोय ना.’

‘माल असेल आणि द्यायचा नसेल तर?’

‘यार, स्टॉलवाला गिऱ्हाइकाला नाही का म्हणेल? धंद्याला बसलाय तो.’

‘माणूस आहे म्हणून म्हणेल.’

‘तू तुझ्या आत्याचं मधे आणू नकोस. प्रॉडक्ट असं इमोशनवर चालत नाही.’

माझ्यासमोर पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास होता. तो मी भिंतीवर फेकला. त्याच्या कानाजवळून गेला. भिंतीला खोक पडली, लॅपटॉपवर पाणी उडालं, बाहेरचे लोक काचेतून बघायला लागले. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. मी म्हटलं, बटण नसेल तर मीही नाही, आणि सगळे स्क्रीन घेऊन जाईन. त्याने रुमाल काढून लॅपटॉप पुसला. मग म्हणाला, ‘ठेव. पण खाली मजकूर सौम्य लिही. सध्या उपलब्ध नाही, क्षमस्व, असं काहीतरी.’ मी लिहिलं, ‘टपरीने ही ऑर्डर नाकारली आहे.’

पहिली टपरी अर्थात आत्याचीच. संकष्टीला टिटवाळ्याची गर्दी असते म्हणून मी सुट्टी काढून तिच्याशेजारी उभी राहिले. सकाळपासून ऑर्डरी नीट येत होत्या. कोणी हॉर्न मारला नाही. आत्या एकदा म्हणाली, ‘किती शांत वाटतंय गं आज.’

दुपारी फोन वाजला. दोन वडे, एक चहा. पांढरी गाडी. खाली तो नंबर.

माझं बोट आपोआप पुढे गेलं. आत्याने माझा हात झटकला. नंबर तिनेही ओळखला होता; दवाखान्यात मी तो इतक्या वेळा पुटपुटले होते. तिने पदराला बोटं पुसली. उजवा अंगठा ‘नकार’पर्यंत पोहोचेना, ‘स्वीकार’च्या कडेला घसरत होता. शेवटी तिने फोन फळीवर आडवा ठेवला आणि डाव्या हाताने बटण दाबलं. मग निवांतपणे कढईत पुढचा घाणा सोडला.

गाडी समोर येऊन थांबली. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला. आम्ही दोघींनी मान वर केली नाही. दार उघडलं आणि तो उतरला.

‘ए, ऑर्डर कोणी नाकारली? वडे तर तळतायत समोर.’

‘मी,’ आत्या म्हणाली.

‘मला ओळखत नाय काय तू?’

‘ओळखते म्हणूनच. काच वर केलेलीस. माझा हात आत होता.’

त्याला खरंच आठवत नव्हतं. मला वाटलं होतं नाटक करेल, उलट बोलेल, निदान नजर चोरेल. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. ‘कसली काच? काय बरळते ही म्हातारी?’ असं म्हणून त्याने चटणीचं पातेलं उलथवलं, पुढे वाकून तिचं मनगट धरलं आणि पिरगळलं. तेच मनगट.

तेलातला झारा कधी माझ्या हातात आला ते मला कळलं नाही. मी तो त्याच्या हातावर मारला आणि दाबून धरला. चर्र आवाज झाला. तो किंचाळला, मनगट सुटलं. दुसऱ्या हाताने त्याने माझ्या कानाखाली अशी काढली की माझा ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. मला बरं वाटलं. मी पुन्हा झारा उगारला.

‘थांब,’ आत्या मला म्हणाली. दोन्ही हातांत फडकी घेऊन तिने कढईचे कान धरले होते. मग त्याला म्हणाली, ‘आता पुढे आलास तर अख्खी ओतीन.’ आवाज जराही चढला नव्हता. तो मागे सरकला. आजूबाजूच्या गाड्यांच्या काचा खाली आल्या होत्या, पण कोणी खाली उतरलं नाही. शिव्या देत, हात छातीशी धरून तो गाडीत बसला. निघताना गाडी टपरीच्या खांबाला घासून गेली.

आत्याने कढई खाली ठेवली, वडे करपलेत का ते बघितलं.

‘उतरला की नाही खाली?’ ती म्हणाली.

‘उतरला.’

‘इतक्या वर्षांत पहिलाच.’

मग तिने माझ्या हातातल्या झाऱ्याकडे बोट केलं. ‘तो धू आधी. त्याची कातडी लागलीय.’

मी टपरीमागच्या पिंपातल्या पाण्याने झारा घासला. तिथेच ओठ धुतला. परत आले तर ती फोन डाव्या हातात धरून बघत होती.

‘हे नकाराचं बटण डावीकडे घे,’ ती म्हणाली. ‘आणि मोठं कर. उजवा हात माझा वळत नाही.’

मी घेतलं. आता ते ॲप असलेल्या प्रत्येक टपरीवर ते डावीकडेच असतं.