अण्णा चौगुल्यांनी न सांगितलेली चूक

वीज गेली की बाकीचे गिरणीवाले वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडतात. बाळगोंडा चौगुले, म्हणजे आमचे अण्णा, त्या वेळी खूश व्हायचे. सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी होती. पट्टा थांबला की ते लेंग्याला हात पुसायचे आणि तेलाच्या रिकाम्या पिंपावर बुद्धिबळाचा पट मांडायचे. मी कोयनानगरहून बदली होऊन इथल्या शाळेत गणित शिकवायला आलो, त्याच आठवड्यात ज्वारीचा डबा घेऊन गेलो, तर वीज गेलेली आणि अण्णा पटावर वाकलेले.

"डबा कुटंबी ठेवा," मान वर न करता ते म्हणाले. "फकस्त त्या हत्तीला हात लावू नगा. लावला तर खेळावा लागंल."

पटावर त्यांचा एक हरलेला डाव होता. तो मी पुढे इतक्या वेळा पाहिला की आजही झोपेतून उठवलं तर मांडून दाखवीन.

झालं होतं ते असं. साताऱ्याच्या एका स्पर्धेत शेवटच्या फेरीला अण्णांसमोर तिथले शिर्के वकील होते. अण्णांचं पारडं जड होतं. वकिलांनी हत्ती उचलला, आणि तो हातात असतानाच त्यांच्या लक्षात आलं की हत्ती हलला तर आपला राजा अडकतो. त्यांनी हत्ती परत त्याच घरात ठेवला आणि वजीर खेळले. ज्या मोहऱ्याला हात लावला तेच खेळायचं, हा नियम; नुसतं सरळ करायचं असेल तर आधी तसं बोलावं लागतं. अण्णांनी पंचांना बोलावलं. वकील शांतपणे म्हणाले, "मी हत्ती नुसता सरळ करत होतो. तसं आधी बोललोही. ह्यांना ऐकू आलं नसेल. गिरणी चालवतात ना, कान गेलेत." आजूबाजूचे हसले. पंचांनी वकिलांचं मानलं. अण्णा डाव हरले.

"कान गेल्यात ह्ये खरं हाय," अण्णा मला म्हणाले. "तीस वर्सं गिरणीच्या आवाजात उभा हाय. पर समोरच्यानं त्वांड उघडलं का न्हाई, त्ये बघायला डोळं लागत्यात. डोळं शाबूत हायत माझं."

मोबाईलवर डाव टाकून तो कसा तपासायचा, ते मी त्यांना शिकवलं. पहिल्याच दिवशी नको ते बाहेर आलं. वकिलांच्या लबाडीनंतरही अण्णांचा डाव जिंकण्यासारखा होता. पुढची खेळी त्यांनी विचार न करता केली होती आणि घोडा फुकट घालवला होता. मला वाटलं, आता तरी हे निवतील. अण्णांनी डाव उतरवलेल्या वहीत त्या खेळीसमोर 'राग' एवढा एकच शब्द लिहिला.

"चोरानं चोरी केली, आन मी दार उघडं टाकलं हुतं. दोघंबी चुकलो, गुरुजी. माझी शिक्षा मी त्याच दिवशी भोगली. त्याची ऱ्हायलीया."

ती शिक्षा द्यायला अण्णांना चार वर्षं लागली. कराड, इस्लामपूर, फलटण, जिथे जिथे शिर्के वकील खेळायला जात, तिथे अण्णा गिरणी बंद ठेवून एसटीने जायचे. स्वतः खेळायचे नाहीत. वकिलांच्या पटामागे हात बांधून उभे राहायचे आणि खेळ्या लिहून आणायचे. मग वीज गेली की आम्ही ते डाव मांडायचो. हरलेले आधी, जिंकलेले नंतर. "मोबाईल खेळी दावतो, माणूस दावत न्हाई," असं त्यांचं म्हणणं होतं. मोबाईल जिथे चूक दाखवायचा, त्याच्या आठ-दहा खेळ्या मागे जाऊन ते बघत बसायचे.

अण्णा जैन. पर्युषण संपल्यावर क्षमा मागायचा दिवस येतो. त्या दिवशी अण्णा गिरणीत येणाऱ्या प्रत्येकासमोर हात जोडायचे. पीठ जाडंभरडं निघालं म्हणून वर्षभर भांडणाऱ्या बायकांसमोरही. एकदा काकू, म्हणजे अण्णांच्या बायको, म्हणाल्या, "आवं, आज तरी त्या वकिलाला सोडा."

"मी त्येची क्षमा मागतो की," अण्णा म्हणाले. "त्येला क्षमा केली, असं कवा म्हणालो?"

शेवटी गाठ पडली ती सांगलीतच, एका मंगल कार्यालयातल्या स्पर्धेत. मी बाजूच्या खुर्चीवर होतो. अण्णा सुरुवातीपासून मोहऱ्यांची मारामारी करत गेले. वजीर गेले, घोडे गेले, उंट गेले. दोघांकडे एकेक हत्ती आणि चार-चार प्यादी उरली. वकिलांना वाटलं, म्हातारा बरोबरीसाठी खेळतोय. त्यांनी तसं विचारलंही. अण्णांनी कानाला हात लावला. "ऐकू येत न्हाई हो. गिरणीवाला हाय."

वकिलांचा चेहरा उतरला. दिवस मावळायला आला. सूर्यास्तानंतर अण्णा जेवत नाहीत, म्हणून काकूंनी डबा पाठवला होता. अण्णांनी तो उघडला नाही. त्यांचा राजा एकेक घर पुढे चालत राहिला. वकिलांनी आणखी दोनदा बरोबरी मागितली. अण्णांनी मान वर केली नाही. बाहेर दिवे लागले तेव्हा वकिलांनी राजा आडवा करून हार मानली.

मग रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, "बसायचं का जरा? माझं कुठं चुकलं ते बघू."

अण्णा उठले. "मला ठाव हाय," ते म्हणाले. "तुमी शोधा." त्या रात्री ते उपाशीच झोपले. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर इतरही त्यांच्याशी अण्णांसारखंच खेळू लागले आणि वकील सारखे हरू लागले. चार-सहा महिन्यांनी ते स्वतः गिरणीवर आले. अण्णांनी चहा मागवला. वकील म्हणाले, "साताऱ्याला मी काही बोललो नव्हतो. नुसता हत्ती उचलला होता."

"मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय," अण्णा म्हणाले. "जे हसलं हुतं, त्यास्नी सांगा. मंग या. तुमची चूक मी पटावर मांडून दावतो."

वकील चहा पिऊन गेले. पुन्हा आले नाहीत.

अण्णा मागच्या वर्षी गेले. महिन्याभराने मला शिर्के वकिलांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी कुठून मिळवला, कोण जाणे. "चौगुले तर गेले," ते म्हणाले. "आता तरी सांगा गुरुजी. मोबाईल म्हणतो, शेवटी हत्ती चुकला. पण तेवढंच नाही. मी प्रत्येक डाव तसाच हरतोय."

मला उत्तर माहीत होतं. चूक हत्तीची नव्हती, त्या एका डावातलीही नव्हती. मोहरी कमी झाली की राजाने स्वतः बाहेर पडून काम करायचं असतं. वकील आपला राजा कोपऱ्यात बसवून ठेवायचे आणि हत्तीला प्यादी गोळा करायला पाठवायचे. प्रत्येक वेळी. सांगायला दोन मिनिटंही लागली नसती. माणूस गेला की वैर संपतं, असं म्हणतात.

"साताऱ्यात कुणाला सांगितलंत का?" मी विचारलं.

ते पुन्हा हत्तीचंच विचारू लागले.

"मग शोधा," मी म्हणालो आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटेल, असं वाटलं होतं. वाटलं नाही.