बेचाळिसाव्या वर्षीचे डोहाळे

आमच्या सरकारी कॉलनीत कुणाही मराठी मुलीला दिवस गेले, की तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळायचं, असं आमचे हे गमतीने म्हणायचे. ते फारसं खोटं नव्हतं. दिल्लीत बदली होऊन आलेल्या कोवळ्या मुली, आई-सासू हजार मैलांवर. मग संध्याकाळी कुणीतरी हळूच माझी बेल वाजवायची आणि आत येऊन नुसतीच बसायची. मी ओळखायचे.

त्यांचं सगळं मी हौसेने करायचे. गालांवर वांग उठले, तर दुधात जायफळ उगाळून लावायला सांगायचे. मसुराची डाळ दुधात भिजवून, वाटून, साय घालून लेप करून द्यायचे. पोटाची कातडी ताणून खाज सुटते, तिथे कोमट खोबरेल हलक्या हाताने कसं लावायचं ते दाखवायचे. मुली पदर सारखा करत संकोचायच्या. मी म्हणायचे, "लाजायचं काय त्यात? यासारखं सुंदर दुसरं काही असतं का?" डोहाळजेवणाच्या दिवशी फुलांची वाडीही मीच घालायचे. इथे मोगरा-जाई कुठली मिळायला, म्हणून मंडीतून पांढरी शेवंती आणून तिचे बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट गुंफायचे. इथे शेवंतीला गुलदावरी म्हणतात. माझी मुलगीही गुलदावरीच म्हणते.

मुलगी तेव्हा बारावीला होती. मी बेचाळीस वर्षांची होते. पाळी चुकली तेव्हा मला वाटलं, सुटका झाली. माझ्या मोठ्या बहिणीची याच वयात गेली होती. अंग जड वाटायचं, चहाचा वास नको व्हायचा. तेही मी त्याच खात्यात टाकलं. इतक्या जणींचं ओळखणारी मी, स्वतःचं मला ओळखता आलं नाही.

कॉलनीच्या दवाखान्यात जायचा धीर झाला नाही, कारण तिथल्या बाकावर निम्म्या बायका माझ्या ओळखीच्या. म्हणून मी बस पकडून गाझियाबादला गेले. तिथे एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, तो मला कुणीही ओळखणार नाही एवढ्याच कारणासाठी निवडला होता. शेजारी बसलेल्या एका बाईने गप्पा काढल्या.

"बहू अंदर गई है?"

मी नुसती हसले. थोड्या वेळाने कंपाउंडरने माझंच नाव पुकारलं. मी उठले. त्या बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, "अच्छा" म्हणाली आणि बाकावर थोडी सरकून बसली.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. चौथा महिना लागलाय म्हणाल्या. तब्येत चांगली आहे, पण वय लक्षात घेऊन जपावं लागेल. मग त्यांनी विचारलं, "घर में बता पाएँगी ना?" मी हो म्हणाले. बाहेर येऊन बसस्टॉपवर उभी राहिले तेव्हा कानशिलं तापली होती. मूल होणार याचा आनंद झाला की दुःख, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी फक्त लाज होती. सगळ्या कॉलनीला आता कळणार होतं, की आम्ही नवरा-बायको अजून... यापुढचं वाक्य मनातल्या मनातसुद्धा पुरं होईना.

यांना सांगितलं तेव्हा ते बूट काढत होते. एक बूट हातात धरून तसेच बसले.

"नक्की?"

"नक्की."

"आता?"

"आता काय? व्हायचं ते होईल. तोंड कसं दाखवायचं तेवढं सांगा."

रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं कॉलनीला एक फेरी मारायचो, ती त्यांनी त्या आठवड्यापासून बंद केली. थंडीचं निमित्त सांगितलं. मी समजायचं ते समजले. आपल्याबरोबर चालायला यांना संकोच वाटतोय हे कळून मला वाईट वाटलं, आणि मलाही तसंच वाटतंय, हे कळून जास्त.

मुलीला मात्र आम्ही सांगितलंच नाही. आज सांगू, उद्या सांगू, तिची परीक्षा होऊ दे, असं करत राहिलो. दिल्लीची थंडी माझ्या मदतीला आली. सैल स्वेटर, वर शाल. नोव्हेंबरात माझ्या गालांवर वांग उठले, चांगले फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंना पसरलेले. आजवर किती जणींच्या हनुवट्या वर करून मी असे डाग उजेडात बघितले असतील. आता मोरीचं दार लावून, कडी घालून सहाणेवर जायफळ उगाळत होते. एकदा मुलीने बाहेरून विचारलं, "कुणाचं डोहाळजेवण आहे, आई? पूर्ण घरात जायफळाचा वास येतोय."

"वरच्या मजल्यावरचीचं," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. वरच्या मजल्यावर सांगलीकडचं एक नवं जोडपं आलं होतं. त्या मुलीला सातवा लागत होता, आणि डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी गच्चीवर उन्हात तिचं डोहाळजेवण करायचं ठरलं होतं. तिची आई त्यासाठी सांगलीहून आली होती. सगळी तयारी नेहमीप्रमाणे माझ्याकडे. नाही म्हटलं असतं, तर बायकांनी कारण विचारलं असतं.

त्या दिवशी ऊन छान होतं. गच्चीवर सतरंज्या टाकल्या होत्या, मध्ये खुर्चीवर हिरव्या साडीत ती मुलगी. चेहरा तुकतुकीत दिसत होता. आठवडाभर मीच लेप करून दिला होता. बायकांनी गाणी सुरू केली. दिल्लीत वाढलेल्या मुलींना शब्द येत नव्हते, त्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. मी शेवंतीचे बाजूबंद बांधले. मग कंबरपट्टा बांधायला तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. दोन्ही हात तिच्या कमरेमागे गाठ मारण्यात गुंतलेले, तेवढ्यात माझी शाल खांद्यावरून घसरून खाली पडली. उन्हाने उकडत होतं म्हणून स्वेटर मी खालीच काढून ठेवला होता.

त्या मुलीची आई शेजारीच ओटीचं ताट घेऊन उभी होती. तिला इथलं कुणी माहीत नव्हतं. माझं वय, माझी मुलगी, काहीच नाही. ती अगदी मोकळ्या मनाने म्हणाली, "अहो, तुम्हालाही सहावा दिसतोय की! मग उठबस कशाला करताय एवढी? बसा बघू आधी."

गाणं बंद पडलं. एकदम नाही, एकेक आवाज गळत गेला आणि शेवटी कुणातरी लहान पोरीची टाळी तेवढी राहिली. मी खाली मान घालून त्या पट्ट्याची गाठ मारत राहिले. ती बसेना. वर पाहिलं तेव्हा जिन्याच्या दारात माझी मुलगी उभी होती. अळूवड्यांचं ताट घेऊन ती नुकतीच खालून आली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे. ताट तिथल्या टाकीवर ठेवलं आणि आली तशी जिना उतरून गेली.

मी उठायला गेले. खुर्चीवरच्या मुलीने माझं मनगट धरलं. तिला सगळं कळलं होतं. "काकू, जाऊ नका," ती हळूच म्हणाली. "मला एकटीला बसायला लाज वाटत होती. आता तुम्ही बसा माझ्याबरोबर."

तिच्या मनात नक्कीच चांगलं होतं. कुणीतरी दुसरी खुर्ची आणली. कुणीतरी माझ्या केसात शेवंती खोचली. मला हळदीकुंकू लावलं, माझीही ओटी भरली. मी पदर पुढे करून बसले होते आणि तांदूळ, सुपारी, केळी त्यात पडत होती. ज्या जागी मी वीस-पंचवीस जणींना बसवलं होतं, तिथे बसून मला मान वर करता येत नव्हती. लाजायचं काय त्यात, हे माझंच वाक्य, पण तेव्हा ते मला कुणी ऐकवलं असतं तर मी रडले असते. पाणी प्यायला म्हणून दोघीजणी गच्चीच्या कोपऱ्यात गेल्या. त्यातली एक म्हणाली, "मुलगी लग्नाला आली, आणि..." दुसरी "श्श" म्हणाली. मग दोघी हसल्या. वाईट हसल्या असंही नाही. त्यांच्या जागी मी असते, तर कदाचित मीही हसले असते.

सांगलीच्या बाईंच्या लक्षात आलं होतं. त्या मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "माझं चुकलं हो. मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक असेल."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "कधीतरी दिसणारच होतं."

खाली आले तर मुलीच्या खोलीचं दार बंद. हे बैठकीत वर्तमानपत्र उघडून बसले होते, पण वाचत नव्हते. "तिला कळलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उघडली.

ती संध्याकाळी बाहेर आली. डोळे सुजले होते. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली.

"सगळ्या बायकांना कळलं, आणि मला त्यांच्याबरोबर. मी कोण आहे या घरात?"

"सांगणार होते गं."

"कब? म्हणजे कधी? हॉस्पिटलमधून?"

मी गॅस बंद केला. "मला लाज वाटत होती," मी म्हणाले. एवढं सरळ मी तोवर कुणाशीच बोलले नव्हते, यांच्याशीसुद्धा.

"मलाही वाटतेय," ती म्हणाली. "खोटं का बोलू? खूप वाटतेय. मैत्रिणींना काय सांगू मी, यार?"

आपली मुलगी आपल्याला यार म्हणाली, एरवी मी तिला दटावलं असतं. त्या वेळी मला ते बरं वाटलं. दोघींना एकाच गोष्टीची लाज वाटत होती आणि ती एकाच स्वयंपाकघरात उभी राहून कबूल केली होती. तिने पोळपाट पुढे ओढला. "तू बस. मी करते पोळ्या." पोळ्या वातड झाल्या. आम्ही तिघांनी त्या खाल्ल्या.

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. तिने मला सांगितलं, "शाळेत पेरेंट्स मीटिंग आहे. तू येऊ नकोस, प्लीज. बाबांना पाठव." मी बरं म्हणाले. ती शाळेत गेल्यावर मोरीत जाऊन रडले. पण दार उघडं ठेवून. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. एकदा बसस्टॉपवर तिच्या मैत्रिणी दिसल्या तेव्हा मी मुद्दाम पानाच्या टपरीमागे उभी राहिले. तिने मला पाहिलं होतं. घरी आल्यावर म्हणाली, "आई, असं नको करत जाऊस. मी सांगून टाकलंय त्यांना."

"काय म्हणाल्या?"

"हसल्या. मग एकीने विचारलं, नाव काय ठेवणार. मग समोसे खाल्ले."

त्या रात्री तिने तेलाची वाटी आणली आणि माझ्या सुजलेल्या पायांना तेल लावलं. तिचा हात माझ्यासारखाच आहे, तळव्याने दाब देणारा. पोटाला मात्र तिने हात लावला नाही आणि मीही सांगितलं नाही.

मार्चच्या अखेरीला, तिचा शेवटचा पेपर बाकी असताना, मला मुलगी झाली. पेपर देऊन ती युनिफॉर्ममध्येच हॉस्पिटलात आली. बाळाकडे वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "हिचं नाक बाबांवर गेलंय. बिचारी." आणि बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

वरच्या मजल्यावरच्या मुलीला त्याआधी महिनाभर मुलगा झाला होता. एप्रिल संपता संपता, ऊन उतरलं की आम्ही दोघी कॉलनीच्या हिरवळीवर एका चादरीवर दोन्ही बाळं ठेवून बसायचो. तिला वाटायचं यात काही विशेष नाही. मला मात्र रोज घरातून निघताना थोडा धीर गोळा करावा लागायचा. समोरून कुणी ओळखीची बाई येताना दिसली, की मी बाळाचं टोपडं उगाच सारखं करायचे.

अशाच एका संध्याकाळी हे ऑफिसातून येत होते. रोज ते पलीकडच्या रस्त्याने घरी जायचे, हिरवळीवर बायका बसतात म्हणून. त्या दिवशी बरोबर ऑफिसातले दोघेजण होते. मी नजर वळवली. पुन्हा पाहिलं तेव्हा ते त्या दोघांसह हिरवळीवरून आमच्याच दिशेने येत होते. चेहरा लाल झाला होता. चादरीजवळ येऊन त्यांनी घसा साफ केला.

"ये मेरी छोटी बेटी," ते म्हणाले.

त्या दोघांनी वाकून पाहिलं, एकाने बोट पुढे केलं. बाळाने ते धरलं. यांनी ऑफिसची बॅग गवतावर ठेवली, पँटची काळजी न करता खाली बसले आणि मला विचारलं, "हिने दूध घेतलं का?"