कारण ‘इतर’ लिहू नका

ट्रे आला. सगळ्यांना चिनी मातीचे कप, सोनेरी काठाचे. आईला कागदी.

मी आधी बघितलंच नाही. साड्यांत गुंतले होते. आईनं तो कप पदराच्या टोकानं धरला, कारण कागदातनं चटका बसत होता. तेव्हा दिसलं. माझ्या हातात बशीसकट कप. समोरच्या सोफ्यावर दुसऱ्या गिऱ्हाईक, एक सासू आणि तिची सून, त्यांच्या हातात बशीसकट कप. आणि माझ्या आईच्या हातात पिऊन झालं की चुरगाळून टाकायचा कप.

“एक कप चुकून कागदी आलाय,” मी म्हटलं.

ट्रे आणलेली बाई माझ्याकडं बघेना. ती वहिनीसाहेबांकडं बघायला लागली.

वहिनीसाहेब म्हणजे दुकानमालकांची सून. कोल्हापुरातलं मोठं दुकान. कापड, दागिने, भांडी, सगळं एका छताखाली. वरच्या मजल्यावर सभासदांची खोली. एसी, मऊ सोफे, माल तिथंच आणून दाखवतात. त्या खोलीत जायला दुकानाचं क्रेडिट कार्ड लागतं. कार्ड आहे तोवर सभासद. कार्ड सोडलं की सभासदत्व गेलं. आणि ते नुसतं मागून मिळत नाही, जुन्या सभासदाची शिफारस लागते. मी पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. माझी शिफारस आमच्या साहेबांनी केली होती.

ते कार्ड मला आवडायचं. शिरोळकडं दुसऱ्याच्या उसात भांगलण करून आईनं आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. त्या बाईच्या मुलीचं नाव कार्डावर उठावाच्या अक्षरांत. बिलाच्या रांगेत थांबायचं नाही. दारावरचा माणूस मॅडम म्हणून दार उघडणार. मला वाटायचं, झालं. पोचलो आपण.

आमचं आडनाव मराठ्यांतही असतं आणि आमच्यातही. मी काही लपवलं नव्हतं. मला कुणी विचारलं नव्हतं. ते आपले आम्ही मराठाच असं धरून चालले होते.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. तिची साडी घ्यायला मी आईला घेऊन गेले. वहिनीसाहेब स्वतः पुढं आल्या. “या मावशी, बसा.” आईचा हात धरून तिला सोफ्यावर बसवलं. हात धरला होता, हे मी विसरत नाही. लाल, हिरवे, जांभळे शालू उलगडत गेले. ट्रेवाल्या बाईला चहाचं सांगून झालं होतं.

आई म्हणाली, “पांढरी दावा की.”

“पांढरी? नवरीला?”

“व्हय. आमच्यात नवरीला पांढरीच असती. आमी बौद्ध हाय.”

गावाचं नाव सांगावं तितक्या साधेपणानं बोलली ती. वहिनीसाहेबांचं हसू काही गेलं नाही. ते ओठावर तसंच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं निघून गेलं. त्या उठल्या. आत जाऊन ट्रेवाल्या बाईशी काहीतरी बोलल्या. मग चहा आला.

“कप बदला,” मी पुन्हा म्हटलं.

“मॅडम, मेंबर तुम्ही आहात,” वहिनीसाहेब गोड आवाजात म्हणाल्या. “गेस्टना आम्ही डिस्पोजेबलच देतो. हायजीनसाठी.”

मी समोरच्या सासूबाईंकडं हात केला. “या मेंबर आहेत?”

“नाही. सूनबाई मेंबर आहेत.”

“मग यांच्या हातात कसला कप आहे?”

“अहो, त्या आपल्यातल्याच.”

आपल्यातल्या. तोंडातनं निसटलं त्यांच्या. निसटलं ते आता आत घेता येईना. त्या ‘आपल्यात’ मघापर्यंत मीही होते. आताही माझ्या हातातला कप कुणी काढून घेतला नव्हता. मला दुखवून परवडणार नव्हतं. माझं कार्ड चालत होतं.

आई हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ दे पोरी. च्या गरमच हाय की.”

हे ‘ऱ्हाऊ दे’ मी लहानपणी ऐकलेलं आहे. शेतमालकाच्या गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असायचा. आमच्यासाठीचा. आई तो काढायची, मालकीणबाई वरनं चहा ओतायच्या, पिऊन झाला की आईच तो विसळून परत खोचायची. एकदा मी ओट्यावरचा कप उचलला. वर निळी फुलं होती, म्हणून उचलला. मालकीणबाई ओरडल्या नाहीत. मारलंही नाही. माझ्या हातातनं कप घेतला आणि माझ्यादेखत उकिरड्यावर भिरकावला. मी रडले. मी अपमानासाठी रडले नाही, ते वय नव्हतं. एवढा चांगला कप फुटला म्हणून रडले. आई तेव्हाही हेच म्हणाली होती.

आता मी चाळिशीला आलेय. माझ्या सहीशिवाय कालव्याचं काम पुढं सरकत नाही. आणि माझी आई पुन्हा वेगळ्या कपातनं चहा पीत होती. फरक काय, तर गोठ्याला एसी बसला होता.

मी माझा कप आईपुढं ठेवला. तिच्या हातातला कागदी कप काढून घेतला आणि वहिनीसाहेबांसमोर टेबलावर ठेवला.

“हा तुम्ही प्या.”

सासूबाई साडीचा काठ चाचपायला लागल्या. सूनबाईंनी मोबाइल काढला. वहिनीसाहेब माझ्या शेजारी येऊन बसल्या, आवाज आणखी खाली आणला.

“तुम्ही उगीच मनाला लावून घेताय. असं करूया, आईंच्या नावानं ॲड-ऑन कार्ड काढून देते. तुमच्याच कार्डावर. मग त्यापण मेंबर. प्रश्नच मिटला.”

म्हणजे माझ्या आईला कप मिळायला कार्ड लागणार. समोरच्या बाईला नुसतं जन्माला येणं पुरलं होतं.

डोक्यात काहीतरी लख्ख झालं. हे कार्ड मी आजवर दाखवत होते ते कशासाठी? पुढचा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून. आईनं तो प्रश्न कुणी न विचारताच त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं. मान वर करून.

आम्ही उठलो. साडी मंगळवार पेठेतल्या एका छोट्या दुकानात घेतली. तिथला माणूस म्हणाला, “पांढऱ्यात काठ कसला दावू, मावशी?” एवढंच विचारलं त्यानं. एवढंच विचारायचं असतं.

घरी येऊन मी कार्डाच्या हेल्पलाइनला फोन लावला. बंद करा म्हटलं. पलीकडच्या मुलीनं विचारलं, “कारण काय लिहू मॅडम?”

“जात.”

“सॉरी?”

“तुमच्या दुकानात माझ्या आईला जातीवरनं वेगळा कप दिला. ते लिहा.”

कीबोर्डचा आवाज थांबला. “मॅडम, असा ऑप्शन नाही. फी जास्त वाटते, सर्व्हिस आवडली नाही, दुसरं कार्ड घेतलं, असे आहेत. ‘इतर’ टाकू का?”

“इतर लिहू नका.”

“मग रिक्वेस्ट पुढं जात नाही, मॅडम.”

“नको जाऊ दे.”

मी फोन ठेवला. आमच्यावर जे जे झालं ते कुणी ना कुणी असंच ‘इतर’मध्ये ढकललं. गैरसमज. जुनी सवय. हायजीन. कधी कुणी खरं नाव लिहिलं नाही.

संध्याकाळी साहेबांचा फोन. “अहो, वहिनीसाहेब रडत होत्या. एका कपावरनं एवढं? माझी शिफारस होती तुमच्यासाठी.”

“सर, माझ्यासाठी तुमची होती. आईसाठी कुणाची आणायची?”

त्यांनी फोन ठेवला.

आई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता म्हणणार, ऱ्हाऊ दे. ती म्हणाली, “फोनवर कशाला सोडतीस कार्ड? त्यास्नी तुझं त्वांड बघायला लागू दे की. तिथं जाऊन दी. समद्यांफुडं.”

मी आधी पोलिसांत तक्रार दिली. मग रविवारी आम्ही दोघी गेलो. आई पांढरी साडी नेसली होती. खोली भरलेली. वहिनीसाहेब धावत पुढं आल्या, मागोमाग ट्रे. सगळे कप सोनेरी काठाचे.

“मावशी, चहा घ्या ना.”

आई बसली नाही. “च्यासाठी न्हाय आलो आमी.”

मी कार्ड टेबलावर ठेवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “कार्ड परत करतेय. कारण लिहून घ्या. जात.”

“आपण आत बसून बोलूया.”

“आत न्हाय,” आई म्हणाली. “हितंच.”

एका बाईनं पर्स उचलली आणि निघून गेली. एक छताकडं बघत राहिली. आमच्या बाजूनं एकही तोंड उघडलं नाही. वहिनीसाहेबांनी पेनाला हात लावला नाही. मी तक्रारीची प्रत काढून कार्डाखाली सरकवली. “तुम्ही लिहीत नाही, म्हणून मी लिहिलंय.”

आता निरोप येतात. मालक माफी मागायला तयार आहेत, पण बंद खोलीत. आईचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो म्हणतात. आई म्हणाली, “त्यास्नी इचार, मला शाल घालताना हात लावणार हायती का लांबनं टाकणार हायती.” त्या सासू-सुनांना काहीच दिसलं नव्हतं म्हणे. साहेब कामापुरतं बोलतात. पोलीस विचारतात, साक्षीदार कुठाय.

मी आहे. माझी आई आहे. तिनं स्वतःच्या तोंडानं जात सांगितली, तशीच ती कोर्टात उभी राहून काय घडलं ते सांगणार आहे. वर्षं लागली तर लागू देत. बदली झाली तर होऊ दे.

कार्ड परत केलं. तक्रार परत घेणार नाही.