उन्हात धरलेला कार्बोरेटर

कुठलीही जुनी वस्तू हातात आली की नाना ती उन्हात धरायचे. एक डोळा मिटायचे, वस्तू गोल फिरवायचे आणि म्हणायचे, "कसा चमकी ऱ्हायना, देख भो." चमकली की त्यांच्या लेखी वस्तू पास. मी शंका काढली की पुढचं बोलणं ठरलेलं असायचं, "काही नही व्हस."

काही होत नाही. या बोलण्याची मला आजही भीती वाटते.

नाव सांगत नाही. जळगावात आमच्या गल्लीत ते नुसते नाना होते. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, नीट बघा. आमची घरं समोरासमोर. मी चोपड्याकडून केळीचे ट्रक भरून न्यायचो, आयुष्य त्यातच गेलं. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चूकभूल होईल. नाना शिंपी. कापड हातात घेतलं की आधी उलटं करून आतली शिवण बघणारा माणूस. गाडीच्या बाबतीत मात्र ही अक्कल कुठे जायची देव जाणे. तिथे नुसतं वरचं बघायचे.

गाडी म्हणजे पांढरी अँबॅसिडर. पाचोऱ्याच्या मामांकडून त्यांना मिळालेली. सकाळी बॉनेटवर दोनदा टिचकी मारून "ऊठ माय" म्हटल्याशिवाय चावी फिरवायचे नाहीत. गल्लीतली प्रत्येक नवरी त्या गाडीतून मांडवात गेली. गाडी निघायच्या आधी तिला ओवाळायचं काम आमच्या हिचं. नाना तिला अक्का म्हणायचे. तिच्या हातची ज्योत फिरल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायचे नाहीत.

मग गाडी हबकायला, धक्के खायला लागली. कार्बोरेटरचा दांडा झिजून ढिला झाला होता, तिथून हवा खेचायची. चढावर दम टाकायची, सिग्नलला बंद पडायची. आमचा मिस्त्री म्हणाला, माझ्याकडे सोडा, आत दांड्याभोवती पितळी बुश बसवून देतो, पण घाई करू नका. नानांना घाई होती. गल्लीच्या टोकाच्या पोरीचं लग्न जवळ आलं होतं. कोणीतरी सांगितलं, धुळ्याला हायवेवर एकाकडे रिकंडिशन केलेले मिळतात, नव्यासारखे. झालं. मला बरोबर घेऊन नाना एसटीत बसले.

ते दुकान मला अजून दिसतं. सोनाराकडे दागिने टांगतात तसे कार्बोरेटर टांगलेले. एकावर धूळ नाही, डाग नाही. मी म्हटलं, झाकण उघडून आतलं दाखवा. दुकानदार म्हणाला, "काका, सील तुटलं तर माल परत नाही घेत." मी म्हटलं, निदान उलटा धरून पेट्रोलच्या नळीत फुंकू द्या. उलटा धरल्यावर फुंकर आत जायला नको. गेली तर आतली सुई वाट बंद करत नाही, म्हणजे पेट्रोल थांबणार नाही. एवढं ट्रकवर राहून मला कळत होतं. तो हसला आणि नानांना म्हणाला, तुमच्या दोस्तांना बासरी घेऊन द्या.

नानाही हसले. कार्बोरेटर घेऊन दुकानाबाहेर गेले. उन्हात धरला. एक डोळा मिटला.

घरी आल्यावर त्यांनी तो आधी आमच्या हिला दाखवला. ही धान्य निवडत होती. तिने मान वर केली, बघितला आणि म्हणाली, "नाना, कल्हई केलेलं पातेलं उन्हात धरून बघतं का कोणी? पाणी भरून बघतो ना आपण."

"काही नही व्हस अक्का. बठ्ठं नवं शे." सगळं नवंच आहे म्हणे.

लग्नाच्या आदल्या दिवशी कार्बोरेटर गाडीत बसला. मिस्त्री नाही म्हणाला, म्हणून नानांनीच दुसऱ्या कोणाकडून बसवून घेतला. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. हबकणं गेलं. नाना गल्लीभर मिरवले. मीही म्हटलं, जाऊ दे, आपलंच मन कुजकं.

सकाळी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. नवरी मागे बसली, शेजारी तिची आत्या. इंजिन चालू होतं. ही ताट घेऊन आली, निरांजन पेटलेलं. एरवी ती काचेसमोर ओवाळायची. त्या दिवशी नानांना काय सुचलं, त्यांनी बॉनेट उघडलं. म्हणाले, "इंजिनले बी कुंकू लाव अक्का. नवा दागिना करेल शे तिले."

ही बॉनेटपाशी गेली. कुंकवाचं बोट पुढे केलं. आणि थांबली.

मी दोन घरं पलीकडे होतो, नारळ आणायला गेलेलो. मला फक्त तिची पाठ दिसत होती. ती वाकलेली तशीच थांबली होती. पन्नास वर्षांचा संसार केला की पाठ बघून कळतं. ती वास घेत होती.

पेट्रोल कार्बोरेटरच्या वरून उतू जात होतं. खाली सायलेन्सरचा तापलेला पाइप. त्यावर थेंब पडत होते आणि फस्स होऊन उडून जात होते. हे मी जवळ गेल्यावर पाहिलं. तेव्हा एवढंच कळलं की तिच्या हातात ज्योत आहे आणि काहीतरी चुकलंय.

तुम्ही म्हणाल, फुंकर मारायची ना. पण शुभकार्याची ज्योत आमच्यात फुंकत नाहीत, आणि मागे नवरी बसलेली. ही ओरडली नाही. तिने ज्योतीवर तळहात आडवा धरला आणि वळली. एकेक पाऊल टाकत आमच्या ओट्याकडे चालायला लागली. धावली असती तर ज्योत हलली असती. पदर उडाला असता. जन्मात इतकं लांब अंगण मी पाहिलं नाही. ओट्यावर ताट ठेवून ती एवढंच म्हणाली, "गाडी बंद करा. पोरीला उतरवा."

मी चावी काढली. नवरी उतरली आणि रिक्षातून मांडवात गेली, निम्मा शालू बाहेर लोंबत. नाना बॉनेटसमोर उभे होते. हातात अगरबत्तीचा पुडा, अजून न पेटवलेला. माझ्या तोंडून शिवी गेली. त्यांनी ती ऐकून घेतली.

संध्याकाळी मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला. आत एक पितळेची पोकळ डबी असते, पेट्रोलवर तरंगते. पेट्रोल पुरेसं झालं की ती वर येते आणि सुईने वाट बंद करते. या डबीला भोक होतं, वर शिशाचा डाक लावून लपवलेलं. डाक सुटला होता. डबी पेट्रोल पिऊन बुडाली, मग वाट कोण बंद करणार? सुईचं टोक झिजलेलं. बाहेर तडा होता तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पॉलिश मारलेलं. नानांनी डबी कानाशी नेऊन हलवली. आतलं पेट्रोल वाजलं. त्यांनी ती उन्हात धरली नाही.

त्या दिवसानंतर "काही नही व्हस" बंद झालं. जुना कार्बोरेटर मिस्त्रीने बुश घालून परत बसवला. कोणाची नवी गाडी आली की नाना आधी जाऊन सांगायचे, बॉनेट लावून घ्या, ज्योत लांबून. आजकालची पोरं हौसेने जुन्या गाड्या घेतात, मोबाइलवर फोटो बघून पार्ट मागवतात. नाना त्यांना रस्त्यात अडवायचे. फोटोत वास येत नही भो, म्हणायचे. पोरं हसायची.

त्यांना एक खोड जडली. सारखे हात धुवायचे. कापडाला पेट्रोलचा वास लागतो म्हणायचे. पण शिलाई मशीन केव्हाच विकलं होतं.

मग ही आजारी पडली. नानांनीच तिला त्या गाडीतून दवाखान्यात नेलं. गाडी चढाला खोकली तशी ही मागून म्हणाली, "खोकू द्या नाना. खोटं तर बोलत नाही."

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघं बसलो होतो. डॉक्टर आत गेले होते. मी नानांना म्हटलं, "म्हणा ना ते. काही नही व्हस म्हणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आते नही म्हनस भो मी."

तेव्हाच मला कळलं.

ती गेल्यावर घरात दिवा ठेवला. नाना रोज संध्याकाळी आले. आमच्या नळावर साबणाने हात धुवायचे, नाकाशी नेऊन हुंगायचे, परत धुवायचे. आणि तरी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. ओट्यावर बसायचे, तिने ताट ठेवलं होतं त्याच जागी. "हात वास मारतस भो. तिना दिवा शे आत." मला काही वास यायचा नाही. मी सांगून थकलो.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी तिच्या फोटोसमोर रोज दिवा लावायला लागलो. नानांचं येणं चालूच राहिलं. मी काडेपेटी उचलली की बाहेरून विचारायचे, "वास नही ना भो?" मी नाही म्हणायचो. मग काडी ओढायचो.

यंदाच्या थंडीत नाना झोपेतच गेले. गाडी त्यांच्या दारात उभी आहे, जावई न्यायला येणार म्हणतात.

आता संध्याकाळी मी काडी हातात धरतो आणि थांबतो. ओट्यावर कोणी नसतं. मग मीच मान वर करून वास घेतो. आपल्याच घरात, एकटा. आणि काडी ओढतो.